ऊम कोवी कॉफी न घेता निघाला तेव्हा

डोर्नपानमध्ये त्या हिवाळ्यात एक कुजबुज होती, की ग्रीता मूटननं कोवी डेन्टलिंगरवर गोळी झाडली. नेम चुकला म्हणून कोवी वाचला आणि त्याच्या पिकअपचं बॉनेट गेलं. का झाडली याचे तीन प्रकार ऐकायला मिळत. सभ्य लोक म्हणायचे, त्यानं लग्नाचं विचारलं म्हणून. कमी सभ्य लोक म्हणायचे, त्यानं विचारलं नाही म्हणून. तिसरा प्रकार रोझिना बेकरीवालीचा होता. तो मी इथं लिहीत नाही, कारण तिचा नवरा चर्चमध्ये माझ्या शेजारच्या बाकावर बसतो.

आमच्या रेहोबोथकडच्या मुलखात वयानं मोठा पुरुष म्हणजे ऊम आणि मोठी बाई म्हणजे तान्नी. रक्ताचं नातं असो वा नसो. आणि खरं सांगायचं तर दोन पिढ्या मागं गेलं की आम्हा सगळ्यांचं नातं निघतंच. म्हणूनच आम्ही मागं जात नाही. कोवी माझ्या बरोबरीचा, म्हणून मी त्याला नुसता कोवी म्हणतो. बाकी गावाला तो ऊम कोवी.

त्या वर्षी त्यानं साठी ओलांडली होती. हातपाय ठीकठाक, कान मात्र देवानं संध्याकाळी घाईत बसवल्यासारखे. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "रायफलीला कुठलं काडतूस मानवतं हे कळायला निदान तीन खोकी जाळावी लागतात. बायकोच्या बाबतीत चर्च तशी परवानगी देत नाही."

पेंडीच्या दुकानाच्या मागच्या खोलीत त्याचं काउंटर होतं. पुढं मेंढ्यांचं औषध, मक्याची पोती, पवनचक्कीचे सुटे भाग; मागं कोवी, त्याच्या रायफलीवर बसवायच्या दुर्बिणी, माउंट आणि काडतुसं. थंडी पडली आणि शिकारीचा मोसम सुरू झाला की आख्खा मुलूख त्या खोलीत यायचा. काही घ्यायला, काही नुसतेच शेकायला. मी शेकणाऱ्यांतला. माझं पोतं ठरलेलं होतं, दारापासून दुसरं.

कोवीकडून दुर्बीण घेणं म्हणजे मुलीकडच्यांनी स्थळाची चौकशी करावी तसं असायचं. तुम्ही बोट दाखवलंत म्हणून तो वस्तू कपाटातून काढायचा नाही. आधी प्रश्न. अपोलस क्लूते पेट्रोल पंप चालवायचा, जाडजूड गडी, त्याला सगळं मोठं लागायचं. तो एकदा येऊन म्हणाला,

"ऊम कोवी, ती चोवीस पटीची दाखवा."

"शिकार कुठं करतोस?"

"नदीच्या काठानं. काट्यांत."

"काट्यांत कुडू किती लांबून दिसतो तुला?"

अपोलसनं खोलीत इकडंतिकडं पाहिलं. "इथून त्या पोत्यापर्यंत. जिथं ऊम बसलेत." ऊम म्हणजे मी.

"मग चोवीस पट कशाला? त्याच्या अंगावरच्या गोचड्या मोजायच्यात?"

अपोलसला राग आला. त्यानं शहरात जाऊन तीच दुर्बीण दुसऱ्याकडून घेतली, बादलीएवढं तोंड असलेली. पहिल्याच सकाळी झुडपातून कुडू समोर आला, घोड्याएवढं हरीण, चांगल्या मोठ्या शिंगांचं. अपोलसनं रायफल खांद्याला लावली आणि दुर्बिणीत डोळा घातला. आत नुसते तपकिरी केस.

"पोट होतं का मान होती, काही कळेना ऊम," तो नंतर सांगत होता. "मी दुर्बीण फिरवतोय, फिरवतोय. सगळीकडं केसच."

"मग?" कोवीनं विचारलं.

"मग त्यानंच माझ्याकडं बघितलं आणि निघून गेला."

कोवी हसला नाही. त्यानं कपाटातून एक छोटी, कमी पटीची दुर्बीण काढून काउंटरवर ठेवली, आणि अपोलसनं मुकाट्यानं घेतली. हसलो आम्ही पोत्यांवरचे. आमचं काय जातंय?

दुर्बीण ठरली की माउंट. इथं कोवी पास्टरपेक्षा लांब प्रवचन द्यायचा. दुर्बीण रायफलीवर धरून ठेवणारी ती बैठक आणि त्या दोन कड्या. लोक सगळा जीव दुर्बिणीत घालतात आणि कड्या उरलेल्या घेतात, यावर त्याचा संताप होता. स्क्रू आधी स्पिरिटनं पुसायचे, तेलाचा अंश ठेवायचा नाही. मग एक इकडचा, एक तिकडचा, थोडा थोडा पिळायचा, ताकद दाखवायची नाही. "ही बैलाची वेसण नाही," म्हणायचा. मग गिऱ्हाइकाला डोळे मिटायला लावायचा. मिटल्या डोळ्यांनी रायफल खांद्याला लाव, गाल लाकडावर टेकव, आता उघड. काय दिसतं? पूर्ण गोल दिसला तर ठीक. कडेनं काळी कोर दिसली तर दुर्बीण पुढं किंवा मागं. डोळा दुर्बिणीला शोधत गेला नाही पाहिजे, दुर्बीण डोळ्याकडं आली पाहिजे.

आणि उंची. उंचीबद्दल तर तो कुणाचं ऐकायचा नाही. "जमेल तितकी खाली. दुर्बीण एकीकडं बघते, नळी दुसरीकडं बघते. दोघांत जितकं अंतर तितकी भांडणं. वर बसवलीस की मान गिधाडासारखी काढावी लागते, आणि मग जे मिळतं ते गिधाडाच्याच उपयोगाचं असतं."

काडतुसांच्या बाबतीत तो म्हणायचा, आपण निवडत नाही, रायफल निवडते. दोनतीन जातींची एकेक खोकी घ्यायची, कागदावर झाडायची, ज्या जातीची भोकं जवळजवळ पडतील ती तिची. मग शेजाऱ्यानं दुसरी फुकट दिली तरी घ्यायची नाही. हलक्या, धावऱ्या गोळ्या त्याला आवडायच्या नाहीत. त्या गोळीनं स्प्रिंगबोक हरीण पडतं खरं, पण खांद्याचा चिखल होतो. बिलटाँग करायला, म्हणजे मीठमसाला लावून वाळत टांगायला, मांसच उरत नाही. "आपण खायला मारतो, फोटोला नाही," म्हणायचा.

असा हा माणूस. आणि मे महिन्यात, म्हणजे आमच्याकडं थंडीच्या तोंडाला, त्याच्या दारात ग्रीता मूटन उभी राहिली, हातात ब्लँकेटात गुंडाळलेली रायफल.

ग्रीताचा नवरा डॉल्फ आदल्या वर्षी गेला. गावाबाहेर पवनचक्कीपाशी तिचं शेत, मेंढ्या, आणि कोल्हे. आमच्याकडं मेंढ्या आणि कोल्हे वेगळे मोजत नाहीत. एक ठेवला की दुसरा येतो. डॉल्फ होता तोवर कोल्हे लांबून जायचे. डॉल्फ गेल्याची बातमी गावाआधी त्यांना कळली असावी. त्या मोसमात तिची कितीतरी कोकरं गेली. रायफल डॉल्फच्या आज्याची, जर्मन काळातली, सात मिलिमीटरची. तिच्यावर दुर्बीण नव्हती. नेम धरायला नळीच्या पुढच्या टोकावर माशी आणि मागं खाच असलेली पट्टी, एवढंच.

"कोवी," ती म्हणाली, "माशी दिसते तेव्हा कोल्हा दिसत नाही. कोल्हा दिसतो तेव्हा माशी दिसत नाही."

"वय झालं, ग्रीता."

"तुझं तेवढं राहिलं वाटतं व्हायचं."

कोवीनं प्रश्न विचारले नाहीत. हे मी पोत्यावरून पाहिलं आणि मनात म्हटलं, अरेच्चा. त्यानं सरळ एक छोटी दुर्बीण काढली, कोवळ्या उजेडात चांगली दिसणारी. कोल्हा पहाटे येतो ना. पण रायफल डॉल्फच्या मापाची होती, आणि डॉल्फ म्हणजे ताडमाड माणूस. ग्रीतानं ती खांद्याला लावली तर तिचा डोळा दुर्बिणीपासून केवढा तरी मागं.

"दस्ता बोटभर कापावा लागेल," कोवी म्हणाला.

"नाही."

"बोटभर गं. मागून."

"मागं दातांच्या खुणा आहेत." तिनं दस्त्याचं टोक दाखवलं. "त्याची कुत्री पिल्लू होती तेव्हाच्या. त्यानं कधी घासून काढल्या नाहीत. तूही कापायच्या नाहीस."

"बरं. मग ही मागची पट्टी काढतो. दुर्बिणीच्या आड येते."

"तीही नाही. ती त्यानं कानशीनं घासून स्वतः बसवलीय."

आता दुसरं कुणी असतं तर कोवीनं रायफल ब्लँकेटात गुंडाळून परत दिली असती. एकदा शाळेच्या मुख्याध्यापकांना त्यानं तसं केलंय, मी साक्षीला आहे. पण या वेळी त्यानं टाळू खाजवली, कान लाल झाले, आणि म्हणाला, "बघतो."

बघायला त्याला अख्खा मे महिना लागला. दस्ता कापायचा नाही, तर दुर्बीण मागं आणायला हवी. म्हणून मागं सरकलेली बैठक. पट्टी काढायची नाही, तर दुर्बीण तिच्यावरून न्यायला हवी. म्हणून उंच कड्या. बैठक शहरातून मागवली, ती बसेना, परत पाठवली, दुसरी आली, ती यानं आठवडाभर घासली. दर शुक्रवारी ग्रीता माप द्यायला यायची, येताना निखाऱ्यावर भाजलेले पाव आणायची. आम्हालाही मिळायचे, पण कोवीच्या पावात लोणी असायचं.

शेवटी दुर्बीण चढली. मी पाहिलं आणि राहवलं नाही.

"कोवी, जरा वरच बसली का रे? खालून उंदीर जाईल."

"उंदरालाही घर लागतं," तो म्हणाला आणि फडकं घेऊन काच पुसायला लागला.

मग काडतुसं निवडायची राहिली. ती दुकानात बसून निवडता येत नाहीत, म्हणून कोवी तीन खोकी घेऊन ग्रीताच्या शेतावर गेला. चर्चच्या बाजाराला मांस हवं होतं, त्याच्या आधीचा मंगळवार. गेला तो दाढी करून गेला. हे रोझिनानं पाहिलं.

पुढचंही रोझिनानंच पाहिलं, म्हणून तिच्या तोंडचं सांगतो; तिखटमीठ जमेल तेवढं झटकून. ती ग्रीताकडं अंड्यांसाठी निघाली होती. सकाळभर लांबून गोळ्यांचे आवाज येत होते, थांबून थांबून, कागदावर झाडतात तसे. मग बराच वेळ काही नाही. मग एकच आवाज, एकटा. आणि थोड्या वेळानं कोवीची पिकअप समोरून धूळ उडवत आली, बॉनेटवर ब्लँकेट बांधलेलं, आणि कोवीनं हात वर केला नाही.

"हात वर केला नाही?" आम्ही विचारलं.

"बघितलंसुद्धा नाही. चेहरा पिठासारखा. आणि ऐका तर. मी घरात गेले, टेबलावर दोन कप. पाव कापून ठेवलेले. कॉफी ओतलेली. त्याचा कप भरलेला."

आमच्या मुलखात माणूस भांडायला आला तरी कॉफी घेऊन जातो. जप्ती करायला आलेलाही घेतो. घरात ओतलेली कॉफी सोडून निघणं म्हणजे पुन्हा त्या दारात पाऊल टाकायचं नाही असं ठरवणं. डॉल्फच्या मावशीनं एकदा तसं केलं होतं. अजून त्या दोन घरांत सोयरीक होत नाही.

"आणि ग्रीता काय म्हणाली?"

"ओट्यावर उभी होती. रायफल खुर्चीला टेकवलेली. मी विचारलं, काय झालं? तर म्हणते, त्याला विचार."

त्याला कोण विचारणार? अपोलसनं विचारलं. पेट्रोल भरताना वाऱ्यानं ब्लँकेटाचं टोक उडालं आणि बॉनेट दिसलं. मधल्या उंचवट्यातून पत्रा फाडत गेलेली लांब चीर.

"ऊम कोवी, हे काय?"

"गोळी लागली."

"कुणाची?"

"गोळीवर नाव नसतं," कोवी म्हणाला आणि काच पुसून दे म्हणाला. काच पुसताना अपोलसला वायपरच्या खालच्या पन्हळीत एक रिकामं काडतूस सापडलं. पितळेचं, सात मिलिमीटरचं. डोर्नपानमध्ये त्या मापाची रायफल एकच. संध्याकाळपर्यंत पराचा कावळा नव्हे, अख्खा थवा झाला होता.

इथवर सगळी गंमत होती. बुधवारी बारेंट मूटन दुकानात आला आणि गंमत संपली.

बारेंट डॉल्फचा थोरला भाऊ. वाईट माणूस नव्हे, पण बापाची कुठलीही वस्तू दुसऱ्याच्या घरात दिसली की त्याच्या पोटात दुखायचं. आमच्याकडं माणूस मेला की त्याची रायफल दुसऱ्या कुणाच्या परवान्यावर चढवावी लागते. ग्रीतानं आपल्या नावावर मागितली होती. त्या आधी सार्जंट येऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतो, की बाई शांत डोक्याची आहे ना, कुणाची तक्रार नाही ना. तक्रार असली तर रायफल घरातल्या दुसऱ्या परवानेवाल्याकडं जाते. म्हणजे बारेंटकडं.

"माझी तक्रार आहे," बारेंट म्हणाला. "माणसांवर गोळ्या झाडते ती."

"तू पाहिलंस?" मी विचारलं.

"बॉनेट पाहिलं. काडतूस पाहिलं. आणखी काय बघू?"

कोवी काउंटरमागं होता. सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं. तो खाली वाकून खोक्यांत काहीतरी शोधत राहिला. खोकी रिकामी होती.

ते दिवस त्याला जड गेले. गिऱ्हाईक यायचं, तो प्रश्न विचारायचा नाही. कुणी चोवीस पट मागितली तर चोवीस पट द्यायचा. माझ्याशीही बोलेना. तिकडं ग्रीताची आणखी दोन कोकरं गेली. सार्जंटची चौकशी होईपर्यंत रायफल झाडू नये असं तिला सांगितलं होतं, आणि ती कायदा पाळणारी बाई. शुक्रवारी पाव आले नाहीत. तो दुपारभर दाराकडं बघत होता, हे मी नाही पाहिलं असं मी त्याला भासवलं.

शनिवारी सार्जंट हाउसिकू आला. उत्तरेकडचा माणूस, हळू बोलणारा, कॉफीत साखर इतकी घालायचा की चमचा उभा राहावा. त्यानं टोपी काउंटरवर ठेवली आणि पेटीवर बसला. दुकानात उभं राहायला जागा नव्हती. पेंड घ्यायला एवढी माणसं मी दुष्काळातही पाहिली नाहीत. ग्रीता आली, तिनं रायफल काउंटरवर ठेवली आणि हाताची घडी घालून उभी राहिली.

"तक्रार कुणाची?" सार्जंटनं विचारलं.

"माझी," बारेंट म्हणाला.

"गोळी तुम्हाला लागली?"

"नाही. पण रायफल आमची आहे."

"रायफलीला लागली?"

मागं कुणीतरी खुदकन हसलं. बारेंटनं काडतूस पुढं केलं. सार्जंटनं ते बोटांत फिरवलं. "हे कुठं मिळालं?"

"पिकअपच्या काचेखाली," अपोलस म्हणाला. "पन्हळीत."

सार्जंटनं काडतूस काउंटरवर उभं ठेवलं. "शिकारी जिथं उभा, तिथंच रिकामं पडतं. म्हणजे झाडणारा गाडीपाशीच होता."

"तेच म्हणतोय मी," बारेंट म्हणाला. "लांबून नाही, जवळ उभं राहून झाडली. जवळून म्हणजे आणखी वाईट."

"अगं बाई," रोझिना हळूच म्हणाली. तिला चौथा प्रकार मिळाला होता.

"तान्नी ग्रीता," सार्जंट म्हणाला, "तुम्ही काय म्हणता?"

"ज्याचं बॉनेट फाटलं तो इथं उभा आहे. त्याला तोंड आहे. निदान पाव खाताना होतं."

"ऊम कोवी?"

कोवी फडक्यानं एक काच पुसत होता. ती काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

"ऊम, तुम्ही बोलला नाहीत तर मला तक्रार धरावी लागेल," सार्जंट म्हणाला. "रायफल बारेंटकडं जाईल."

"आणि कोल्हे?" ग्रीता म्हणाली. "ते बारेंटला विचारून येणार आहेत का?"

कोवीनं फडकं खाली ठेवलं. घडी करून ठेवलं, कोपऱ्याला कोपरा लावून. मग रायफल उचलली, तिचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारी मागची दांडी, काढून सार्जंटच्या हातात दिला, आणि म्हणाला, "बाहेर चला."

पिकअप दारातच होती. त्यानं बॉनेटवरचं ब्लँकेट ओढून काढलं, घडी करून बॉनेटच्या अलीकडच्या कडेला ठेवलं आणि त्या घडीवर रायफल टेकवली, आमच्याकडचे सगळेच टेकवतात तशी, आडवी. मैदानात शिकार करायची तर आम्ही दुसरं करतो काय? झाड नसतं, दगड नसतो, बॉनेट असतं.

"सार्जंट, दुर्बिणीतून बघा. काय दिसतं?"

सार्जंट वाकला. "चर्चच्या छपरावरचा कोंबडा. फार छान दिसतो."

"हलवू नका. बारेंट, तू इकडं ये. बोल्ट काढलाय, मागून नळीतून आरपार बघ. तुला काय दिसतं?"

बारेंट गुडघ्यांवर हात ठेवून वाकला. बराच वेळ बघत राहिला. "पत्रा."

"कसला?"

"बॉनेटचा."

मग अपोलस, ज्याला सगळं मोठं लागतं पण समज सगळ्यांच्या आधी येते, तो हळूच म्हणाला, "ऊम कोवी. म्हणजे तुम्हीच?"

"मीच," कोवी म्हणाला. "तीस वर्षं तुम्हाला सांगतोय. कुणी असं केलं की नाव ठेवतोय. आता ठेवा मला."

हसण्याला सुरुवात कुणी केली माहीत नाही, पण सार्जंटला टोपी तोंडावर धरावी लागली. म्हातारा पास्टर रस्त्यापलीकडून बघायला आला, इतका गलका झाला. ग्रीता हसली नाही. ती कोवीच्या समोर जाऊन उभी राहिली.

"म्हणून पळालास? कॉफी टाकून?"

"हो."

"मला वाटलं, दस्ता कापू दिला नाही म्हणून."

"नाही गं."

"इतके दिवस मी काय काय समजत होते. गाढवा."

"हो," कोवी म्हणाला.

सार्जंटनं टोपी डोक्यावर चढवली. "गाडी ऊमची, बॉनेट ऊमचं. स्वतःच्या बॉनेटवर गोळी झाडल्याची तक्रार बारेंटला करता येत नाही. तान्नी, रायफल घरी न्या."

बारेंट मात्र अजून रायफलीकडंच बघत होता. हरलेला माणूस काहीतरी शेवटचं बोलतोच. "पण ऊम कोवी, एवढ्या उंच कड्या? तुम्ही तर कुणाला बसवून देत नाही. ह्या कुणी निवडल्या?"

"मी निवडल्या," कोवी म्हणाला, आणि त्याचे कान पेटले.

सगळे एकदा उंच कड्यांकडं, एकदा डॉल्फनं घासलेल्या पट्टीकडं आणि एकदा ग्रीताकडं बघायला लागले. गावाला बॉनेटपेक्षा ते जास्त कळलं. ग्रीतानं रायफल ब्लँकेटात गुंडाळली, आणि जाताना म्हणाली, "पाव घरी आहेत. कॉफीही आहे. प्यायची असेल तर पूर्ण प्यायची."

त्या कड्या अजून तशाच आहेत. पट्टीही आहे, कुत्रीच्या दातांच्या खुणाही. ग्रीता कुंपणाच्या खांबाला टेकून झाडते, आणि कोल्ह्यांनी आता बारेंटच्या शेताची वाट धरलीय. रायफलीनं निवडलेली काडतुसं डॉल्फ वापरायचा तीच निघाली, जड आणि संथ. कोवीनं नेलेली बाकीची दोन खोकी अपोलसनं घेतली; त्या मापाची रायफल तो आता शोधतोय. कोवी रविवारी चर्चनंतर शेतावर जातो आणि अंधार पडायच्या आत परत येतो. लग्नाचं मी त्याला विचारलं नाही. ग्रीताला विचारलं. तिनं काय सांगितलं ते मी रोझिनालाही सांगितलेलं नाही, यावरून काय ते समजा.

कुजबुज मात्र मेली नाही. रेहोबोथमध्ये सांगतात, गोळी त्याच्या टोपीतून गेली. दक्षिणेकडं सांगतात, एक कान उडाला. ज्यांनी कोवीचे कान पाहिलेत त्यांना हे खरं वाटत नाही, बाकीच्यांना वाटतं.

खरं असं, की त्या मंगळवारी ग्रीता घरात कॉफी ओतत होती. कोवी गाडीपाशी एकटा होता. पवनचक्कीखाली स्प्रिंगबोकचा नर येऊन उभा राहिला. चर्चच्या बाजाराला मांस होईल म्हणून कोवीनं ग्रीताची रायफल बॉनेटवर टेकवली, दुर्बिणीतून नेम धरला आणि स्वतःच्या बॉनेटला गोळी मारली. हरीण पळून गेलं.